सगळे म्हणायचं नाही

एप्रिलच्या सुरुवातीला मी उजनी धरणाच्या फुगवट्यावर पाणी आणायला गेले होते. प्यायला नव्हे, रंगवायला. सोबत अंगठ्याएवढी काचेची बाटली होती, उकळून वाळवलेली. माझी नोकरीची सगळी वर्षं बारामतीत रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये गेली. बाटली उकळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

जलरंग मला कुणी शिकवले नाहीत. चाळिशीनंतर मोबाईलवर बघत, कागद वाया घालवत शिकले. रोजनिशी लिहायची सवय जुनीच. प्रवासात मात्र शब्दांऐवजी चित्रं काढू लागले. सुटे कागद, रंगांचा छोटा डबा, दोन ब्रश, एवढंच सामान. त्यात एक पद्धत माझी स्वतःची आहे. नव्या ठिकाणचं पहिलं चित्र मी घरून नेलेल्या पाण्यानं करते, पुढची तिथल्या पाण्यानं. प्रत्येक पाण्यात क्षार वेगळे, गाळ वेगळा. तोच निळा रंग एका पाण्यात गुळगुळीत पसरतो, दुसऱ्यात दाणेदार बसतो. मला ते बघायला आवडतं.

या वेळी म्युनिकला लेकीकडे जायचं होतं. राजनंदिनी, आमची नंदू, तिथे नोकरी करते. तिनं फोनवर सांगितलं होतं, "आई, तुला इटलीच्या हद्दीतलं एक तळं दाखवते. धरणात अख्खं गाव गेलं आणि चर्चचा मनोरा तेवढा पाण्यातून वर राहिलाय."

फोन स्पीकरवर होता. माझ्या सासूबाई, ठमाबाई, शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "आमच्यावानी?"

त्यांचं गाव करंजवाडी, इंदापूर तालुक्यातलं. माझे यजमान चिंतामण शाळकरी असताना ते उजनीच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो, फारच उतरलं तर घरांचे पाये. एका बुडालेल्या गावाचं चित्र दुसऱ्या बुडालेल्या गावाच्या पाण्यानं काढावं, असं माझ्या मनात आलं. म्हणून ती बाटली.

"लोक विमानातून लोणचं नेतात, ही बाई धरण घेऊन चालली," चिंतामण गाडी चालवता चालवता म्हणाले.

ठमाबाई आमच्यासोबत आल्या होत्या, पण गाडीतून उतरल्या नाहीत. काच वर करून बसल्या. मी बाटली भरून आले, तेव्हा त्यांनी दार किलकिलं करून नेहमीची हाक दिली, "चल चिंतू. चल आसावरी. मागं ऱ्हाऊ नगं." मग मी म्हणाले, "चला ठमाबाई."

ही आमच्या घरातली रीत. कुठलीही जागा सोडताना घरातल्या मोठ्या बाईनं एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची. माणूस पुढं निघालं तरी त्याचं काही मागं राहू नये म्हणून. हाक मारणारीचं नाव शेवटी दुसऱ्या कुणी घ्यायचं. एरवी मी त्यांना आत्याबाई म्हणते. सासूचं नाव तोंडानं घ्यायची मुभा मला तेवढीच.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी भवानीनगरला एका लग्नाहून निघताना मी सहज म्हणून गेले होते, "चला सगळे." ठमाबाईंनी चारचौघांत माझ्या तोंडावर हात दाबला होता. हळदीचा वास होता त्या हाताला. "सगळे म्हणायचं न्हाय," त्या म्हणाल्या होत्या. "सगळ्यांत कोण कोण येतं, कुणाला ठावं."

एवढंच. कारण कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही.

ठमाबाईंना एकटं ठेवता येत नाही, म्हणून चिंतामण घरी थांबले आणि मी एकटीच गेले.

म्युनिकला नात होती, अबोली. पाच वर्षांची. नाव अबोली, पण जागी असेपर्यंत तोंड बंद नाही. रविवारच्या मराठी वर्गात शिकवतात तसं स्वच्छ बोलायची. "आजी, मला भूक लागली आहे." चिंतामण म्हणायचे, ही नात नाही, बातम्या देणारी बाई आहे. माझ्या शेजारी बसून तीही रंगवायची. डावखुरी होती. ओल्या रंगावरून मनगट फिरवून सगळं फराटून टाकायची आणि वर मलाच विचारायची, "आता हे कोणी केलं?"

तळ्यावर आम्ही तिघीच गेलो, नंदू, अबोली आणि मी. आगगाडी आणि पुढे बस. डोंगरांवर अजून बर्फ होतं. पाणी शिशासारखं राखाडी, आणि काठापासून थोड्या अंतरावर तो दगडी मनोरा गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या माणसासारखा. वारा असा की कागदाला चारही बाजूंनी चिमटे लावावे लागले.

मी बाटली उघडली तेव्हा उजनीचा वास आला. शेवाळ, मासळी, उन्हानं तापलेला चिखल. त्या बर्फाळ हवेत तो वास फार जवळचा वाटला, आणि फार नकोसाही. अबोलीनं नाक मुरडलं. "आजी, तुझ्या पाण्याला कोणाचा तरी वास येतो आहे."

"कशाचा तरी," नंदूनं दुरुस्त केलं.

"नाही. कोणाचा तरी."

मग ती काठावर खडे टाकायला गेली. पिवळा रेनकोट घालून पाठमोरी उभी. मी मनोरा रंगवला, पाणी रंगवलं, आणि शेवटी तिलाही चित्रात घेतलं. फार काही नाही, पिवळ्या रंगाचा एक थेंब आणि त्याला टोपीचं टोक.

चित्र वाळायच्या आत नंदू ओरडली, "आई, बस! शेवटची आहे ही." ती पुढे धावली. मी डबा, चिमटे, कागद कसेबसे गोळा केले. आजवर हाक मारायचं काम ठमाबाईंचं. तिथे मोठी मीच होते. तोंडाला सवय नव्हती, काखेत सामान कोंबलेलं होतं, बसचा ड्रायव्हर दार बंद करत होता. मी पाण्याकडे तोंड करून म्हणाले, "चला, चला, चला सगळे!"

वारा थांबला. म्हणजे खरंच थांबला; हातातला कागद फडफडायचा बंद झाला.

मी बसकडे वळले, तशी मागून पावलं आली, पळत, ओल्या जमिनीवर अनवाणी आपटावीत तशी. एक गार हात माझ्या हातात सरकला. खाली पाहिलं तर अबोलीच होती. पायात बूट होते. अंगावर रेनकोट नव्हता.

"रेनकोट कुठे गं?"

"ऱ्हायला," ती म्हणाली.

थंडीनं जीभ जड झाली असेल, असं मला वाटलं. बस सुटली. मागच्या काचेतून मी पाहिलं, काठावर काहीतरी पिवळं होतं. रेनकोटच असणार. पण पडलेला नव्हता, उभा होता. झाडाला अडकला असेल, मी स्वतःला म्हणाले. त्या रात्री चित्र उघडून बघितलं. मी समोर दिसेल ते सगळं काढते. त्या काठावर झाड नव्हतं.

नंतरच्या दिवसांत अबोली गप्प झाली. बोललीच तर "मला न्हाय पायजे," "हितं लई उजेड हाय," असं. ताट जमिनीवर घेऊन उकिडवी बसायची आणि जेवताना छतातल्या दिव्यांकडे बघत राहायची. नंदूला हसू यायचं. "पणजीशी फोनवर बोलून बोलून अस्सल इंदापूरची झाली." मीही हसले. हसणं सोपं होतं.

मी तिची चित्रं काढत राहिले, टेबलाशी, खिडकीत, झोपलेली. तिला ब्रश दिला की ती उजव्या हातात धरायची, नवीन शिकल्यासारखा. एक दिवस मी सगळे कागद वाळले का बघायला टेबलावर ओळीनं मांडले.

कोरडे केस आणि ओले केस एकाच काळ्या रंगानं होत नाहीत. कोरड्या केसांवर उजेड मऊ पसरतो. ओल्या केसांचे जुडगे होतात आणि उजेडाच्या बारीक, धारदार रेघा कोऱ्या सोडाव्या लागतात. तळ्याच्या आधीच्या चित्रांत अबोलीचे केस कोरडे होते. तळ्यानंतरच्या प्रत्येक चित्रात मी ओले केस रंगवले होते. मला कळलंही नव्हतं. डोळ्यांनी जे कबूल केलं नाही, ते हात काढत गेला होता.

ती समोरच जमिनीवर बसली होती. मी जाऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला. केस कोरडे होते. हात परत घेतला. बोटं ओली होती, आणि बोटांना उजनीचा वास होता.

त्याच दुपारी बारामतीहून व्हिडिओ कॉल आला. चिंतामणनी नेहमीसारखा फोन ठमाबाईंच्या पुढ्यात धरला. अबोली एरवी पणजीला जर्मन भाषेत "गुटेन टाग" म्हणायला लावून खिदळायची. त्या दिवशी ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. बराच वेळ बघत राहिली.

"आये," ती म्हणाली. "किती म्हातारी झालीस गं."

फोन पडल्याचा आवाज आला. छताचा पंखा दिसत राहिला. मग चिंतामणचा घाबरा आवाज, "आये, काय झालं? आये?"

रात्री ठमाबाईंनी चिंतामणकरवी मला एकटीला फोन लावून घेतला. दम लागल्यासारख्या बोलत होत्या. "आसावरी... तितनं निघताना हाक कशी मारलीस?"

"घाईत होते, आत्याबाई. सगळे म्हणाले."

पलीकडे खाट करकरली.

"हिकडं घिऊन ये तिला," शेवटी त्या म्हणाल्या.

मे महिन्यात नंदू सुट्टीला येणारच होती, तिकिटं काढलेली होती. आम्ही तिघी बारामतीत उतरलो तेव्हा ऊन असं होतं की दाराची कडी हाताला चटका देत होती. अबोलीनं कुणाला विचारलं नाही. चपला काढल्या, थेट आतल्या खोलीत गेली आणि ठमाबाईंच्या पुढ्यात पाठ करून बसली.

"येणी घाल," ती म्हणाली.

ठमाबाईंनी फणी घेतली. एकदा फणी फिरवली आणि झटकली, तर समोरच्या फरशीवर पाण्याचे थेंब उमटले. त्या दिवसांत त्या फरशीवर सांडलेलं पाणीही टिकत नव्हतं. थेंब टिकले.

स्वयंपाकघरात त्यांनी मला ओट्याशी धरलं आणि एका दमात सांगितलं, मध्ये मला बोलू न देता. "चिंतूच्या आदी मला तीन पोरी. चिंतूच्या पाठीवर परत पोरगीच. सासूनं नाव ठिवलं नकोशी. तापानं गेली, पाच वर्साची व्हती. परसात पुरली. म्होरं पानी आलं, गाव उठलं. सासू उंबऱ्यात हुबी ऱ्हाऊन समद्यांची नावं घेत व्हती. देवांची घेतली, गुरांची घेतली, मेलेल्यांची बी घेतली. तिचं न्हाय घेतलं. नकोशीच ती. माझ्या तोंडात नाव आलं व्हतं, आसावरी. मी गिळलं."

"आत्याबाई... मग अबोली कुठंय?"

"जितं तिच्या नावानं हाक पडली न्हाय, तितं."

मी चिंतामणना बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या पाठची एक बहीण होती का. ते म्हणाले, "लहान होतो मी," आणि उन्हात बाहेर निघून गेले.

मी तळ्याचं चित्र काढून ठमाबाईंना दाखवलं. बारामतीच्या मे महिन्यात कागदावरचा रंग मी ब्रश धुवेपर्यंत वाळतो. हे चित्र महिनाभर सामानात होतं. सगळीकडे खडखडीत वाळलेलं, फक्त तो पिवळा थेंब ओला. ठमाबाईंनी त्याला बोट लावलं आणि ते बोट पदरात घट्ट धरून ठेवलं.

"उजनीच्या पान्यानं काढलंयस न्हवं? मंजी वाट हाय. हितनं मारलेली हाक तितं जाईल."

मला रडूच आलं. "मग चला, आत्ता जाऊ."

त्या हलल्या नाहीत. दारातून आतल्या खोलीत बघत होत्या. तिथे ती पोर स्वतःची वेणी पुढे घेऊन बघत बसली होती.

"एकीला आणायची तर दुसरीला पुन्यांदा ठिवायची. तूच सांग, कशी ठिवू?"

"आत्याबाई, माझी नात आहे ती."

"व्हय," त्या म्हणाल्या. "आन माझी लेक हाय."

दोन दिवस त्यांनी काही सांगितलं नाही. दोन दिवस त्या पोरीला मांडीशी घेऊन होत्या. तिला शेवया करून घातल्या, बांगड्या भरल्या. नंदू मला म्हणाली, "पणजीचा काय जीव आहे बघ." मी तोंड धुवायला मोरीत गेले आणि नळ सोडून तिथेच उभी राहिले. तिसऱ्या दिवशी नंदू कामासाठी पुण्याला गेली आणि ठमाबाई दारात येऊन चिंतामणना म्हणाल्या, "गाडी काढ. करंजवाडीला जायाचं."

भर दुपार होती. पाणी इतकं उतरलं होतं की देऊळ उंबऱ्यापर्यंत उघडं पडलं होतं. चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. पलीकडे पाण्यात एक होडी नुसती उभी होती, माणूस दिसत नव्हता. आवाज म्हणून नव्हता कसला. एवढ्या वर्षांत गाडीतून न उतरलेल्या ठमाबाई उतरल्या आणि अनवाणी चालू लागल्या.

पोर त्यांच्याही पुढे गेली. घरांच्या पायाच्या दगडांमधून, न अडखळता, वळणं घेत. एका चौकोनात जाऊन थांबली.

"हितं चूल व्हती," ती म्हणाली. मग दुसरीकडे बोट केलं. "आन तितं मी."

चिंतामण माझ्या शेजारी होते. त्यांनी माझा दंड इतका आवळला की नंतर वळ उठले. "नकू," ते पुटपुटले. लहानपणी ते तिला तसं म्हणायचे असणार. एवढ्या संसारात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

ठमाबाई त्या चौकोनात बसल्या. पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगू लागल्या. फार वेळ सांगत होत्या. पोरीनं आधी जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. ठमाबाईंनी तिचे गाल दोन्ही हातांत धरले आणि पुन्हा सांगितलं. मग ती नुसतं ऐकत राहिली. तिच्या ओठांची हालचाल दिसत होती, पाठ केलेलं म्हणून बघावं तशी.

नंतर ठमाबाईंनी माझ्याकडून चित्र मागून घेतलं.

"पाठी करा. मागं बघायचं न्हाय. आन आसावरी..." त्यांचा आवाज एकदम साधा होता, मीठ मागावं तसा. "आज माझं नाव घिऊ नगं. मी माझी यीन."

आम्ही पाठी केल्या. समोर नुसता चिखल आणि लांबवर आमची गाडी.

"चल चिंतू."

"चल आसावरी."

मग त्यांनी पाण्याकडे तोंड केलं असावं, कारण आवाज लांबून आला. म्हाताऱ्या बाईच्या छातीत एवढा आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. "चल अबोली! अबोली! मागं ऱ्हाऊ नगं!"

उजनीच्या त्या उन्हात मानेवरून बर्फाचा वारा गेला. चिंतामणचे दात वाजलेले मी ऐकले. मागे पाण्यात काहीतरी चालत येत होतं, सावकाश, लांबून चालून दमलेलं. मग ठमाबाईंचा आवाज पुन्हा आला, पण अगदी खालचा. त्या आणखी काहीतरी म्हणाल्या. शब्द मला कळले नाहीत. मी मागे बघितलं नाही.

एक हात माझ्या हातात सरकला. उबदार, कोरडा हात.

"आजी," ती म्हणाली, "मला आइस्क्रीम हवं आहे."

मी तिथेच चिखलात बसले आणि तिला पोटाशी धरून रडले. तिच्या केसांना उन्हाचा वास होता. चिंतामण आईला धरून आणायला गेले. ठमाबाई सगळ्यांत शेवटी आल्या, पाय कुठे टाकायचा कळत नसल्यासारख्या. हातात चित्र होतं. पिवळा थेंब वाळून गेला होता. नुसता वाळला नव्हता, राहिलाच नव्हता. तिथे कोरा कागद होता.

इंदापुरात आम्ही तिला आइस्क्रीम दिलं. ती बडबडत होती, हसत होती, स्वच्छ "आहे" आणि "नाही" म्हणत होती. नंदू पुण्याहून परतल्यावर तिला ती नेहमीची लेक मिळाली. जूनमध्ये दोघी म्युनिकला गेल्या. जायच्या आधी मी एकदा रंगांचा डबा पुढे केला, तर अबोली म्हणाली, "आता नाही आवडत मला." मी आग्रह केला नाही. तिचं चित्रही काढलं नाही. माझ्या हातावर माझा विश्वास उरला नव्हता.

ठमाबाई त्या दिवसापासून बोलल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, वय आहे, मेंदूला उन्हाचा झटका बसला असेल. जेवतात, झोपतात. आत्याबाई म्हटलं तरी वळत नाहीत, ठमाबाई म्हटलं तरी वळत नाहीत. दिवसभर स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत बसतात. आरशापुढून नेलं की डोळे झाकून घेतात आणि अंगाचं मुटकुळं करतात. चिंतामण त्यांच्या उशाशी बसून विचारतात, "आये, मी चिंतू. ओळखलंस का?" त्या त्यांच्याकडे बघतात, परक्या घरी आलेलं मूल बघतं तशा.

काल दुपारी बऱ्याच दिवसांनी मी रंगांचा डबा उघडला. खिडकीतल्या कुंडीचं चित्र, साध्या नळाच्या पाण्यानं. ठमाबाई खाटेवर होत्या. रंग भिजायला लागले तशा त्या सरकत सरकत माझ्या शेजारी आल्या. त्यांनी आयुष्यात कधी पेन्सिल धरली नव्हती. त्यांनी हात पुढे केला आणि ब्रश उचलला.

डाव्या हातानं.

ब्रश पिवळ्यात बुडवला. माझ्या कागदाच्या कोपऱ्यात एक थेंब टेकवला आणि त्याला टोपीचं टोक काढलं. मग मनगट ओल्या रंगावरून फिरलं आणि सगळं फराटलं. त्यांनी फराट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सुरकुतलेली हनुवटी थरथरू लागली.

"आजी," माझ्या सासूबाई मला म्हणाल्या, "मला फार थंडी वाजते आहे. माझा रेनकोट तिथेच राहिला आहे."

मी त्यांना गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं. किती वेळ तशी बसले, सांगता येत नाही. इंदापुरात आइस्क्रीमचा चमचा त्या पोरीनं उजव्या हातात धरला होता, ते मला आठवतं. मी समोरच बसले होते. ठमाबाईंनी कुणालाच मागं ठेवलं नव्हतं. स्वतःला सोडून.

आज सकाळी त्यांना दवाखान्यात दाखवायचं ठरलं होतं. चिंतामणनी गाडी काढून ठेवली. मी त्यांना लुगडं नेसवून, पायात चपला घालून दारापर्यंत आणलं, आणि उंबऱ्यात थांबले. निघताना नाव घ्यावं लागतं. आता मोठी मीच. जी माझ्या हाताला धरून उभी होती, तिचं नाव मला ठाऊक होतं. ते घेतलं तर ती माझ्या मागून येईल, या म्हाताऱ्या पायांनी किंवा स्वतःच्या. आणि तिच्या जागी सध्या जी आहे, तिचं काय होईल, हे मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात मोबाईल वाजला. म्युनिक. नंदू दिसली नाही, पोर एकटीच होती. मागे खिडकीत लख्ख ऊन, ती फोन तोंडाजवळ धरून माझ्या खांद्यावरून मागे बघत होती, उंबऱ्यातल्या म्हातारीकडे.

"आजी," ती अगदी हळू म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं. "तिला हाक मारू नगं... मी नीट बोलते न्हवं आता?"

मी फोन ठेवला. दार लावून घेतलं. चिंतामण गाडीतून उतरून आत आले आणि त्यांनी कडी घातली.

सकाळपासून आमच्या घरातून कुणीही बाहेर पडलेलं नाही.